मदत हवी आहे: बुलेटचा सायलेन्सर बदलणारे आपली कार, टेम्पोही मोठ्या आवाजाचे करून घेतात का?

नमस्कार मंडळी,

नेरूळला पाम बीच रोडच्या बाजूला आमची सोसायटी आहे. सायलेन्सरच्या आवाजाबद्दल कमिटी नोटीस काढतेय, मसुदा माझ्याकडे आलाय. काहींचं म्हणणं, फक्त 'दुचाकीधारकांनी' असं लिहा. मला ते पटत नाही. ज्यांच्याकडे बाइक आणि कार दोन्ही आहेत, किंवा ज्यांचं गॅरेज आहे, त्यांनी कृपया सांगा.

त्रास खरा आहे. रात्री इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये सायलेन्सरमधली आवाज दाबणारी जाळी काढलेली बुलेट सुरू झाली की आवाज खांबांमध्ये घुमतो, शेजारच्या कारचा अलार्म वाजतो आणि पहिल्या मजल्यावरचं तान्हं बाळ दचकून उठतं. त्याची आई मग कितीतरी वेळ थोपटत बसते. हौस म्हणून हे सोडून द्यावं असं मला अजिबात वाटत नाही.

पण बुलेटवाली हीच मुलं घरची कार काढतात तेव्हा कसलाच आवाज नसतो. काचा वर, एसी चालू. कार वडिलांच्या नावावर असते, हप्ते चालू असतात, म्हणून असेल. मात्र त्यातल्या एकाने नुकतीच स्वतःची जीप घेतली आणि आता तिच्यातूनही फटाक्यांसारखे बार निघतात. शिवाय एकांचा पिकअप टेम्पो पहाटे एपीएमसी मार्केटला जातो, तोही खूप वाजतो. तोसुद्धा मुद्दाम केलेला असेल का?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार नको) आणि केंद्रीय नियम १२० (सायलेन्सर हवाच) सगळ्याच गाड्यांना लागू आहेत. आवाजाची मर्यादा मोडली तर कलम १९०(२) खाली पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

प्रतिसाद – कळंबोलीचा गॅरेजवाला

दादा, बाइकवाले सगळ्यात जास्त. चार नट-बोल्ट खोलले की सायलेन्सर हातात. कारला तसं नाही. खाली धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मग आवाज कमी करणारे रेझोनेटर आणि मफलर (म्हणजे सायलेन्सरच) अशी लांब लाइन असते. बीएस-६ (धुराच्या नव्या, कडक नियमांच्या) गाडीत सेन्सर आहेत, चुकीचं काही कापलं की चेक इंजिनचा दिवा लागतो, वॉरंटीचा घोळ होतो तो वेगळाच. तरी स्वतःच्या कमाईची गाडी आली की काही पोरं करतातच. नंतर हायवेला केबिनमध्ये एकसारखी घरघर बसते, डोकं उठतं. मग बरेच जण जुना मफलर परत लावायला येतात.

ट्रकवाला सायलेन्सरवर पैसे घालत नाही. त्याला दिवसभर त्याच आवाजात बसायचंय. त्याची हौस प्रेशर हॉर्न आणि लाइटची. त्या पिकअपचा पाइप सडला असेल किंवा जॉइंटचं पॅकिंग गेलं असेल. इंजिन थंड असताना खाली वाकून बघा, जॉइंटभोवती काळी काजळी दिसली तर लीक आहे. वेल्डिंगचं काम, लगेच होतं.

धागाकर्ता

मनापासून आभार! आता नोटीस 'सर्व वाहनधारकांनी' अशीच काढतो. पिकअपवाल्या काकांना नोटीस द्यायच्या आधी घरी जाऊन भेटतो, काजळीचंही सांगतो. अजून एक विचारायचं होतं: अशी नोटीस देऊनही ऐकलं नाही तर सोसायटीने वाहतूक पोलिसांकडे लेखी तक्रार द्यावी की आरटीओकडे? कुणी केली असेल तर अर्जात काय काय लिहिलं ते सांगा, प्लीज.