मदत हवी आहे: पंख खरंच बदललेत की थंडीचा परिणाम?

नमस्कार मंडळी, एका गोष्टीवर अडलोय. ड्रोसोफिला सबऑब्स्क्युरा ही युरोपातली माशी 1978 मध्ये चिलीत आणि 1982 मध्ये उत्तर अमेरिकेत सापडली. युरोपात उत्तरेकडे जावं तसे तिचे पंख मोठे होत जातात. उत्तर अमेरिकेत जेमतेम वीस वर्षांत तसाच, उत्तरेकडे पंख मोठे होत जाण्याचा क्रम तयार झाला, पण गंमत म्हणजे लांबी वाढली ती पंखाच्या वेगळ्याच भागात! सगळ्या माश्या प्रयोगशाळेत एकाच तापमानात वाढवूनही फरक टिकला, म्हणजे तो आनुवंशिक.

आता ड्रोसोफिला सुझुकी घ्या. हिवाळ्यात वाढलेल्या माश्या जास्त काळपट, पंखही लांब. पण हा बदल थंडीत वाढल्यामुळे होतो, त्याच पिढीत.

माझ्याकडे दोन ठिकाणच्या, पकडून सुकवलेल्या माश्या आहेत. भिंगाखाली पंखांत फरक स्पष्ट दिसतो. पिढ्या न वाढवता, नुसत्या मोजमापावरून यातलं काय घडलंय हे सांगता येईल का? आणि लांबी पंखाच्या मुळापासून मोजायची की शिरा जिथे मिळतात तिथून? मी दोन्ही करून पाहिलं, उत्तरं वेगळी येतात. कोणी हे काम केलं असेल तर प्लीज सांगा.