प्रति: लष्करी खेळ आणि बाजारातले खेळ

लष्करासाठी बनवलेला व्हिडिओ गेम बाजारात आणताना फक्त चित्रे सुधारली जातात, हे वरच्या प्रतिसादातले मत मला अर्धेच पटते. ‘फुल स्पेक्ट्रम वॉरियर’ हा अमेरिकी लष्कराच्या पैशातून, पायदळाच्या तुकडीप्रमुखांच्या सरावासाठी तयार झालेला खेळ २००४ मध्ये एक्सबॉक्स या टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रावर विक्रीला आला, तेव्हा लष्करी आवृत्तीही त्याच डिस्कवर होती आणि ठरावीक कोड टाकल्यावर ती उघडत असे. महत्त्वाचे म्हणजे दोन्हींत खेळाडू स्वतः गोळी झाडतच नाही. चौघाचौघांच्या दोन टोळ्यांना तो केवळ हुकूम देतो. एका टोळीने मोटारीच्या आडून मारा करून शत्रूला जागीच दाबून धरायचे आणि दुसरीने गल्लीतून वळसा घालून त्याची बगल गाठायची, हा पायदळाचा धडा बाजारी आवृत्तीतही शाबूत राहिला. आमच्या भुसावळच्या सायबर कॅफेत मात्र तो फारसा रुळला नाही. वरणगावच्या आयुध निर्माणीत वडील नोकरीला असलेली मुलेसुद्धा (त्यांना तरी गोडी लागेल, असे वाटले होते) ‘यात बंदूक कुठे चालवायची?’ असे विचारून ‘काउंटर-स्ट्राइक’ या स्वतः गोळ्या झाडायच्या खेळाकडे वळत.