जुनी सिटी व्हीटेक की ऑक्टाव्हिया आरएस २४५? दारात एकच उभी राहील

दिंडोरीकर:
नमस्कार मंडळी. यंदा बागेने हात दिला, म्हणून वीस वर्षांचा हट्ट पुरवायचा म्हणतोय. दोन गाड्या नजरेत आहेत. एक २००२ ची होंडा सिटी १.५ व्हीटेक, एमएच-१५ पासिंग, नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका निवृत्त सरांची, पहिलाच मालक. दुसरी २०२० ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५, म्हणजे ऑक्टाव्हियाचीच जास्त ताकदीची आवृत्ती, पुण्यात आहे. भारतात तिच्या २०० च विकायला आल्या होत्या. तिच्या पैशात अशा कितीतरी सिटी येतील हे कळतं, तरी किमतीचं सोडा. कामाला बोलेरो आहेच. ही फक्त पहाटे फिरवायला. घरी विचारलं तर "आधी ट्रॅक्टर बदला" असं उत्तर मिळालं.

टूलरूम_सातपूर:
दादा, तीच सिटी मी अकरा वर्षं वापरली, त्यामुळे माझं मत एकतर्फी समजा. १०६ हॉर्सपॉवर आज कोणाला सांगितले तर हसतात. पण गाडी हलकी, टर्बो नाही. खालच्या आरपीएमला अगदी गरीब गाय. वर गेलं की व्हीटेक जागं होतं: तेलाच्या दाबाने व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या रॉकर आर्ममधली पिन सरकते, हवा आत घेणारे इनटेक व्हॉल्व्ह मोठ्या कॅमवर चालायला लागतात, म्हणजे जास्त उघडतात, आणि आवाजच बदलतो. कसारा घाटात दुसऱ्या गिअरला तो आवाज ऐकायला मी काच खाली करायचो, पावसातसुद्धा. २००३ ला नवी सिटी आली ती ७७ हॉर्सपॉवरची. तेव्हा फार हळहळलो होतो.

बघायला जाताना लोहचुंबक न्या. मागच्या चाकांवरच्या कमानीला लावा. चिकटला नाही तर खाली पुट्टी, म्हणजे ठोकलेली जागा भरून काढलेली. स्पार्क प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरपाशी तेल झिरपतंय का बघा. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते तोंडी नको, बिल मागा.

घाटमाथा:
मित्राकडे आरएस आहे. २४५ पीएस, ३७० न्यूटन मीटर, सात गिअरचा डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. समृद्धीवर १२० ला ती जांभया देते, आणि पुढे जायची परवानगी नाही. गाडी खाली बसलेली, म्हणून गंगापूर रोडला प्रत्येक स्पीड ब्रेकर तिरका घ्यायचा. बंपर फुटला तर वाट बघत बसा. बाकी तिला सेडान म्हणतात खरं, पण डिकी काचेसकट उघडते!

तरी मी आरएसच घेईन. सिटीचं आरसी बघा मात्र. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण, म्हणजे पुढची पाळी २०२७. पेठ रोडला आरटीओत गाडी न्यावी लागेल.

दिंडोरीकर:
रविवारी जाऊन आलो. उजव्या मागच्या कमानीवर चुंबक घसरला. मी काही बोलायच्या आत सरच म्हणाले, "तिथे पुट्टी आहे. रिक्षा घासली होती." आणि फाइल काढली. बेल्टचं बिल, बॅटऱ्यांची बिलं, एका वायपरचंसुद्धा.

त्र्यंबक रोडला नेली. अंजनेरीच्या अलीकडे रस्ता मोकळा मिळाला, तिसऱ्यात ओढली. आवाज बदलायच्या जरा आधी मी पाय काढला, तर शेजारून सर म्हणाले, "अजून आहे, सोडू नका."

टोकन देऊन आलो. पुण्याच्या माणसाला नाही म्हणायचा फोन तेवढा राहिलाय.