डोक्यावरून गरम पाणी घेताना मुलाला फीट येते

प्रश्न (एक आई, बेळगाव):
आमच्या सहा वर्षांच्या मुलाला रविवारी न्हाऊ घालताना तिसऱ्या-चौथ्या तांब्यानंतर त्याची नजर एकदम स्थिर होते, ओठ चाळवतात, हाक मारली तरी तो ओ देत नाही. मिनिटभराने तो पूर्ववत बोलू लागतो. गेल्या वेळी मात्र हातपायही झटकले गेले. नुसत्या अंगावरून आंघोळ घातली तर काहीच होत नाही. विचित्र म्हणजे, तो स्वतःच ‘अजून ओत’ म्हणून हट्ट करतो. डॉक्टरांनी ‘हॉट वॉटर एपिलेप्सी’ सांगितली आहे, पण ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख) नॉर्मल आहे आणि सासूबाई दृष्ट काढायला सांगतात. रोजचे औषध द्यावे लागेल का?

उत्तर १:
विशिष्ट संवेदनेने चेतवल्या जाणाऱ्या अपस्मारांपैकी (फीट येण्याच्या आजारांपैकी) हा एक असून त्याचे पुष्कळ रुग्ण दक्षिण भारतात, विशेषतः दक्षिण कर्नाटकात आढळले आहेत. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू व मानसिक आजारांवरील संस्थेत त्यावर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. साधारण ४० ते ५० अंश सेल्सियसचे पाणी डोक्यावर भराभर ओतले की झटका येतो. दोन झटक्यांमधल्या काळातला ईईजी पुष्कळदा नॉर्मलच येतो, त्यामुळे निदान खोटे ठरत नाही. मुलाचा हट्ट डॉक्टरांना अवश्य सांगावा, कारण काही रुग्णांना झटक्याच्या सुरुवातीला सुखद वाटते आणि ते पाणी ओततच राहतात. अशा मुलाला न्हाणीघरात एकटे सोडू नये, कडी तर मुळीच लावू देऊ नये.

उत्तर २:
माझ्या मुलीला हाच त्रास आहे. एरवी तिला फीट येत नसल्यामुळे आमच्या डॉक्टरांनी फक्त न्हाण्याच्या दिवशी, दीड तास आधी क्लोबाझम हे फीट रोखणारे औषध द्यायला सांगितले. पाण्याशिवायही झटके येऊ लागले तर रोजचे औषध लागते. हा निर्णय अर्थात डॉक्टरांचाच. पाण्यात विसण घालून ते कोपराला जेमतेम कोमट लागेल असे करावे आणि डोके ओल्या पंचाने पुसून घ्यावे. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला तेल-उटणे खुशाल लावावे, कढत पाणी तेवढे टाळावे. फीट आलीच तर कुशीवर वळवावे, तोंडात चमचा घालू नये; कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचा उपयोग नाही. झटका पाच मिनिटांहून अधिक टिकला तर लगेच रुग्णालय गाठावे. सासूबाईंना दृष्ट काढू द्यावी, त्याने औषधात अडथळा येत नाही!

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. टीव्हीही बंद करावा का?

उत्तर १:
तसे कारण दिसत नाही. लुकलुकत्या प्रकाशाने येणारा अपस्मार वेगळा असतो आणि ईईजी काढताना डोळ्यांसमोर दिवा लुकलुकवून त्याची तपासणी सहसा केली जाते. तुमच्या अहवालात त्याबद्दल काय लिहिले आहे, ते डॉक्टरांना विचारावे.