शिडाच्या छोट्या बोटीवर दिवस कसा जातो?

मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. मुलगी पुढच्या आठवड्यात 40 फुटी शिडाच्या बोटीवर कोचीहून सेशेल्सला निघतेय, बोटीवर तिघंच. झोप, जेवण, आंघोळ कसं करतात कोणी सांगेल का, माझीच झोप उडालीय.

सुरसागरकाठ: काकू, मी अशी दोन आठवड्यांची सफर केलीय. तिघं असतील तर 3 तास पहारा 6 तास सुट्टी, पण त्या सहातच स्वयंपाक, दुरुस्ती सगळं येतं म्हणून झोप तुकड्यातुकड्यात. बंकच्या, म्हणजे झोपायच्या अरुंद फळीच्या, कडेला झोळीसारखं कापड बांधतात नाहीतर माणूस गडगडतो. शेगडी झोक्यासारखी टांगलेली, बोट कलली तरी भांडं सरळ राहतं, तरी आम्ही कुकरच वापरायचो, झाकण घट्ट बसतं ना, गरम खिचडी अंगावर सांडली तर डॉक्टर कुठून आणणार. आंघोळ खाऱ्या पाण्यानं, शेवटी एक तांब्या गोडं. खारे कपडे वाळतच नाहीत, मीठ हवेतली ओल ओढतं. खाकरे नि भाकरवडी नक्की द्या, पहाटे दोनच्या पहाऱ्याला खूप आधार वाटतो.

शीड_आणि_वारा: ताई, रात्री कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या जागेत, यायच्या आधीच हार्नेसची (अंगावरच्या सुरक्षा पट्ट्याची) दोरी बोटीला अडकवायची, एवढं कबूल करून घ्या. क्षितिजावरचं जहाज पंधरा-वीस मिनिटांत जवळ येतं, सारखं चौफेर बघावं लागतं. नौदलाच्या सहाजणी 55 फुटी 'तारिणी'वरून 2017 च्या सप्टेंबरात गोव्याहून निघून पृथ्वीप्रदक्षिणा करून मे 2018 ला परतल्या.

मूळ प्रश्नकर्ती: हार्नेसचं आत्ताच विचारलं, घेतलाय म्हणाली. भाकरवडी उद्या आणते.