पहिलं स्वतःचं ड्रम किट: नवं स्वस्त, मधलं, की जुनं भारी?

घोस्टनोट:
नमस्कार. दोन वर्षं झाली शिकतोय, क्लासमधलं किट आणि घरी रबरी प्रॅक्टिस पॅड यावर आतापर्यंत भागलं. आता स्वतःचं किट घ्यायचंय, पैसेही साठवलेत पण ठरत काहीच नाहीये, जेवढे व्हिडिओ बघतो तेवढा गोंधळ वाढतो म्हणून इथे विचारतोय.

समोर तीन पर्याय आहेत. एक पर्ल रोडशो, त्यात ड्रम, स्टँड, पेडल, स्टूल, सिम्बल (धातूच्या थाळ्या) सगळं येतं, जोडलं की वाजवायला बसायचं. दुसरं यामाहा स्टेज कस्टम बर्च, पण ते नुसते ड्रम, बाकी सगळं वेगळं घ्यायचं. तिसरं एका ओळखीच्या वादकाचं वापरलेलं तामा स्टारक्लासिक मेपल, नवीन घ्यायला गेलो तर मला कधीच जमणार नाही असं किट, पण जुनं असल्यामुळे साधारण दुसऱ्या पर्यायाच्याच जवळपास मिळतंय. रॉक आणि थोडं फंक वाजवतो, दोन मित्रांबरोबर बँड नुकताच सुरू केलाय, खोली लहान आहे. पॉप्लर, बर्च, मेपल या ड्रमच्या लाकडांत कानाला खरंच किती फरक पडतो? आणि स्वस्त किट घेऊन नंतर बदललं तर पैसे वाया जातात का?

रिमशॉट:
लाकडाचा विचार सगळेच आधी करतात, मीही केला होता, पण पैसे कुठे घालायचे हे ठरवायचं असेल तर लाकूड सगळ्यात शेवटी. आधी सिम्बल. ड्रमचा आवाज तुमच्या हातात असतो हो, हेड (ड्रमवर ताणलेला पडदा) बदला, ट्यूनिंग बदला, बास ड्रममध्ये (पायाने वाजतो तो मोठा) उशी ठेवा, तोच ड्रम वेगळा वाजतो. सिम्बलचं तसं नाही, ती जशी घडवली गेली तशीच कायम वाजणार, तिला ट्यून करता येत नाही.

सगळं एकत्र येणाऱ्या किटबरोबर बहुतेक वेळा ब्रासच्या सिम्बल येतात, म्हणजे तांबं आणि जस्त. त्यांचा आवाज पातेल्याचं झाकण आपटल्यासारखा लगेच बसतो, कितीही छान वाजवा. त्याच्या वर बी८, म्हणजे ९२ टक्के तांबं आणि ८ टक्के कथील, आणि त्याच्या वर बी२०, ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील, झिल्जियनची ए सिरीज किंवा माइनलची बायझन्स घ्या, त्या बी२० आहेत. पण बी८ म्हणजे स्वस्त आणि बी२० म्हणजे चांगली असं डोळे झाकून धरू नका, पायस्टेची २००२ सिरीज १९७१ पासून चालू आहे आणि ती बी८ मिश्रधातूचीच आहे, रॉकमध्ये कित्येक मोठे ड्रमर तीच वाजवत आलेत. धातू तोच असला तरी घडण किती फरक पाडते ते तिथे कळतं.

म्हणून माझं मत दुसरा पर्याय. सिम्बल मात्र एकदम चार घेऊ नका, चांगली १४ इंची हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी जोडी) आणि एक २० इंची राइड (ताल धरायची मोठी थाळी) घ्या, क्रॅश (अधूनमधून जोरात मारायची) नंतर. हाय-हॅटवर तुमचा हात सगळ्यात जास्त वेळ असतो, कंजुषी करायचीच तर तिथे नको.

लाकडाचं विचारलंत म्हणून सांगतो, बर्च जरा टोकदार आणि नेमका, आवाज लवकर संपतो, मेपल गोल आणि भरीव, पॉप्लर मेपलच्या बाजूला झुकलेला पण मऊ. हे खरं असलं तरी एकाच ड्रमवर एकपदरी हेड काढून दोनपदरी चढवलं तर त्याने जेवढा फरक पडतो तेवढा लाकडाने पडत नाही, लहान खोलीत तर नाहीच.

बॅकबीट:
मी रिमशॉटशी निम्मा सहमत. सिम्बलचं बरोबर आहे, पण रोडशोला एवढ्या लवकर बाजूला टाकू नका. माझं पहिलं किट त्याच वर्गातलं होतं, सहा वर्षं वाजवलं, शोसुद्धा केले. घेतल्याच्या दुसऱ्या आठवड्यात वरची सगळी हेड काढली, टॉमवर (मधल्या आकाराच्या ड्रमवर) इव्हान्स कंपनीची जी२ आणि बास ड्रमला त्यांचंच इमॅड हेड लावलं, आणि त्यानंतर ऐकणाऱ्यांपैकी कुणीही विचारलं नाही की शेल, म्हणजे ड्रमचं लाकडी नळकांडं, कसला आहे. कंपनीची हेड पातळ असतात, तीच ऐकून लोक म्हणतात स्वस्त किट वाईट वाजतं.

खरा त्रास कशाचा झाला तर हार्डवेअरचा. स्टँडच्या पायाला एकच पट्टी, क्रॅश जोरात मारला की अख्खा स्टँड डुलायचा. हुप, म्हणजे हेड धरून ठेवणारी कडी, पातळ, नंतर कळलं की साधे हुप १.६ मिलिमीटरचे असतात आणि वरच्या किटला २.३ चे येतात, पातळ हुप ताणल्यावर किंचित वाकतो आणि मग एक स्क्रू फिरवला की शेजारचा सैल. पेडलची चेन लटपटायची, त्या पेडलवर मी पायाच्या चुकीच्या सवयी लावून घेतल्या ज्या सोडायला पुढे वर्ष गेलं, ते मला आजही सलतं. आणि स्टूल! सगळ्यात दुर्लक्षित वस्तू, तासभर हलत्या स्टुलावर बसून वाजवा मग पाठ सांगते. तेव्हा कुठलंही किट घ्या, स्टूल आणि पेडल मात्र चांगलंच घ्या, ते पुढच्या किटबरोबरही येतं, ते पैसे कधी वाया जात नाहीत.

तुम्ही दोन वर्षं वाजवताय, सोडणार नाही हे दिसतंय, म्हणून तुम्हाला मीही स्टेज कस्टमच म्हणेन. अगदी नवशिक्याने विचारलं असतं तर रोडशो सांगितलं असतं.

पॅराडिडल:
तिसऱ्या पर्यायावर कुणी बोललंच नाही, म्हणून लिहितोय. जुनं भारी किट हा सगळ्यात चांगला सौदाही होऊ शकतो आणि सगळ्यात वाईटही. मी एकदा असंच वरच्या वर्गातलं वापरलेलं किट घेतलं, दिसायला देखणं, लॅकर चकचकीत, आणि फ्लोअर टॉम (स्वतःच्या पायांवर उभा राहणारा मोठा टॉम) काही केल्या ट्यून होईना. दोन नवी हेड बदलून पाहिली, तासन् तास चावी घेऊन बसायचो, प्रत्येक स्क्रूपाशी वेगळाच सूर. शेवटी हेड काढून शेल काचेच्या टेबलावर उपडा ठेवला आणि आत टॉर्च सोडला तर एका बाजूने कडेखालून उजेड बाहेर. बेअरिंग एज, म्हणजे शेलची ती कड जिच्यावर हेड बसतं, तिथे खाली बसली होती. किट पडलं असणार किंवा ओलाव्यात राहिलं असणार. कड पुन्हा कापून घ्यावी लागली आणि त्यात सगळा फायदा गेला.

तेव्हा बघायला जाताना टॉर्च आणि ड्रमची चावी घेऊन जा, आणि मालकाला सांगा की निदान एक हेड उतरवून दाखवा. टॉमचा माउंट जिथे बसतो त्या भोकाभोवती तडे आहेत का बघा. प्रत्येक टेन्शन रॉड (हेड ताणणारा लांब स्क्रू) हाताने फिरवून बघा, मध्येच अडकत असेल तर आटे गेलेत. स्टारक्लासिकला डायकास्ट (साच्यात ओतलेले) हुप असतात, जड आणि सरळ, ट्यूनिंगला फार छान, पण एखादा तडकला असेल तर बदलायला महाग. बरोबर सिम्बल देत असतील तर कडेवरून बोट फिरवा, आणि मधलं भोक लांबट झालंय का बघा, स्टँडवरची प्लॅस्टिकची नळी न लावता वाजवलं की धातू घासून भोक असं लांबट होतं आणि पुढे तिथूनच तडा जातो.

आणि हो, लहान खोली म्हणताय तर २२ इंची बास ड्रमऐवजी २० मिळतोय का तेही बघा. आवाज फार कमी होत नाही पण जागा वाचते आणि ट्यून करायला सोपा. १८ नको, त्याला बीटर (पेडलचा ठोका मारणारा गोळा) मध्यभागी लागावा म्हणून ड्रम उचलून धरणारा सपोर्ट लागतो, शिवाय रॉकसाठी तो लहानच वाटेल. कानात इअरप्लग हवेतच, बंद खोलीत ड्रम सहज १०० डेसिबलच्या वर जातात.

घोस्टनोट:
सगळ्यांचे मनापासून आभार. पॅराडिडल, काल टॉर्च घेऊन स्टारक्लासिक बघायला गेलो होतो. मालकांनी न कुरकुरता दोन्ही टॉम उघडून दाखवले, कडा अगदी सरळ, उजेड कुठूनच नाही, माउंटही ठीक. वाजवलं तर आवाज असा की तिथून उठवेना. पण स्नेअर (खाली तारा लावलेला, कडक वाजणारा ड्रम) त्यात नाही, तो त्यांनी स्वतःसाठी ठेवलाय, आणि सगळी हेड खालची-वरची मिळून घासून पांढरी पडलेली. घरी येऊन हिशेब मांडला, सगळ्या ड्रमची दोन्ही बाजूंची हेड, वेगळा स्नेअर, वर स्टँड आणि पेडल, म्हणजे सिम्बलला काही उरतच नव्हतं, पुन्हा ब्रासवरच यावं लागलं असतं. रिमशॉट यांचं वाक्य डोक्यात घुमत होतं.

म्हणून स्टेज कस्टम, २० इंची बास ड्रमचं. बॅकबीट म्हणाले तसं स्टूल आणि पेडल चांगलं, स्टँड दुहेरी पट्टीचे पण साधे. हाय-हॅट बी२० ची, आणि राइडच्या जागी सध्या एकच १८ इंची क्रॅश-राइड, दोन्ही कामं करणारी. एकच विचारायचंय, नवीन किट आल्यावर कंपनीच्या ट्यूनिंगवरच वाजवायचं का?

रिमशॉट:
क्रॅश-राइडची कल्पना चांगली आहे, फक्त विकत घेण्याआधी काठीच्या टोकाने दोन मिनिटं सलग आठाचा पॅटर्न (चार मात्रांत आठ सारखे ठोके) वाजवून बघा, काही क्रॅश-राइड एवढ्या पातळ असतात की आवाज एकावर एक चढत जातो आणि काठीचा ठोका ऐकूच येत नाही. तशी असेल तर जरा जाड बघा.

ट्यूनिंग मात्र पहिल्या दिवशीच करा, कारखान्यातून ड्रम फक्त बंद होऊन येतो. सगळे स्क्रू पूर्ण सैल करा, शेलची कड कोरड्या कापडाने पुसा, लाकडाचा भुसा असतो बऱ्याचदा. हेड बसवून रॉड बोटाने लागतील तेवढे आवळा, मग चावीने समोरासमोरच्या जोडीत अर्धा-अर्धा फेरा, गोल क्रमाने नाही. सुरकुत्या गेल्या की टॉम आणि बास ड्रमला हेडच्या मध्यभागी तळव्याने एकदा दाबा, करकर आवाज येईल, घाबरू नका, हेड बसतंय. मग प्रत्येक रॉडपासून दोन बोटं आत काठीने हलकं टकटक करून सगळीकडे एकच सूर आणा. टॉमचं खालचं हेड वरच्यापेक्षा थोडं चढं ठेवून बघा. स्नेअरच्या खालच्या हेडला मात्र तळव्याने दाबू नका, ते फार पातळ असतं, फाटतं.