जर्मनीला माल पाठवायचाय, जहाजानं की विमानानं? आणि उशीर झाला तर कुणाच्या डोक्यावर?

कुपवाड_लेथ

नमस्कार मंडळी, कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे, पंप आणि व्हॉल्व्हच्या कास्टिंगवर मशीनिंग करून देतो. इतकी वर्षं पुण्याच्या पार्टीला माल द्यायचा, पुढं एक्स्पोर्ट तेच करायचे, आपला संबंध चलन आणि बिलापुरता. आता पहिल्यांदाच जर्मनीतल्या एका कंपनीनं थेट ऑर्डर दिलीय, महिन्याला चार पॅलेट, वजन तीन टनाच्या आसपास. घरात सगळे खूश, पेढे वाटून झाले, आणि आता माझी झोप उडालीय.

झालंय असं की ज्या फॉरवर्डरला (माल परदेशी पोचवायची व्यवस्था करणारा एजंट) भाडं विचारलं तो म्हणतो कोटेशन सातच दिवस चालेल, त्यानंतर काय होईल सांगता येत नाही, वरून तीन-चार सरचार्ज लावलेत ज्यांची नावंही मी कधी ऐकली नव्हती. किती दिवसात पोचेल विचारलं तर म्हणतो जहाज सुएझनं गेलं तर एक, आफ्रिकेला वळसा घालून गेलं तर दुसरं. आणि तिकडं गिऱ्हाईकाच्या मेलमध्ये लिहिलंय की माल डीएपी त्यांच्या वेअरहाऊसला पाहिजे आणि त्यांची प्रॉडक्शन लाईन थांबली तर दंड. विमानाचा रेट काढला तर नफा सोडा, मुद्दलातच हात घालावा लागेल असं दिसतंय.

मला एवढंच विचारायचंय की अशा परिस्थितीत लोक करतात काय? जहाजच धरायचं का थोडा माल विमानानं? कुणी अनुभवी असेल तर जरा इस्कटून सांगा.

न्हावाशेवा_नाईटशिफ्ट

मूळचा विट्याचा, सध्या उरण साईडला फॉरवर्डिंगमध्ये आहे, म्हणजे तुमच्यासारख्यांच्या शिव्या रोज खाणारा माणूस. तुमच्या फॉरवर्डरची थोडी बाजू घेतो, रागावू नका.

सात दिवसांचं कोटेशन तो स्वतःच्या मनानं देत नाही, त्याला शिपिंग लाईनच (जहाज कंपनी) तेवढं देते. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात गॅलक्सी लीडर हे जहाज पळवलं तिथून हे सुरू झालं. मग डिसेंबरच्या शेवटी मर्स्क या मोठ्या लाईननं परत तांबड्या समुद्रातून जायला सुरुवात केली तर लगेच त्यांच्याच हांगझोऊ जहाजावर हल्ला झाला आणि जानेवारीत त्यांनी सरळ सगळी जहाजं आफ्रिकेच्या टोकाच्या केप ऑफ गुड होपवरून वळवली. बाकीच्या मोठ्या लाईनींचंही कमीजास्त तेच. मुंबईकडून रॉटरडॅम किंवा हॅम्बुर्गला वळसा घालून जायचं म्हणजे साधारण चार हजार सागरी मैल जास्त, दहा ते चौदा दिवस वाढले असं धरूनच आम्ही त्यावेळी लोकांना तारखा द्यायचो.

आता लोकांना वाटतं जास्त इंधन लागतं म्हणून भाडं वाढलं. इंधन लागतंच, पण खरी मेख वेगळी आहे. समजा एका सर्व्हिसची फेरी दहा आठवड्यांची आहे आणि दर आठवड्याला एक जहाज सुटतं, तर त्या लाईनला दहा जहाजं लागतात. फेरी बारा आठवड्यांची झाली की तेवढाच माल न्यायला बारा जहाजं लागणार. ती दोन कुठून आणायची? दुसऱ्या रूटवरून काढायची. म्हणून ज्याचा सुएझशी काडीचा संबंध नाही त्याचंही भाडं चढतं. त्यात रिकामे कंटेनर परत यायला उशीर, मग इथं बॉक्स मिळत नाही. आणि जहाजं वेळापत्रक सोडून एकदम गठ्ठ्यानं बंदरावर पोचली की ट्रान्सशिपमेंटचं (एका जहाजातून दुसऱ्यात माल चढवायचं) बंदर तुंबतं, मे २०२४ मध्ये सिंगापूरला तेच झालं.

कोविडमध्ये तर याच्याही वरची गंमत होती, ४० फुटी कंटेनरचा जगभराचा सरासरी भाव २०१९ ला दीड हजार डॉलरच्या आत होता तो सप्टेंबर २०२१ ला दहा हजाराच्या वर गेला. त्या काळात ज्यांनी वर्षाचा रेट धरून गिऱ्हाईकाला भाव दिलेला त्यांचं काय झालं असेल बघा.

तुमचं चार पॅलेट म्हणजे पूर्ण कंटेनर नाही, एलसीएलमध्ये जाईल, म्हणजे सीएफएसला (कंटेनर भरायचं गोदाम) दहा जणांच्या मालाबरोबर एका डब्यात. त्यात एकाचे कागद अडकले की डब्यातले सगळे अडकले. हे पण हिशोबात धरा.

माणिकचमन

कुपवाडवाले दादा तुमचं लोखंड हाय, नशीबवान हाय. आमी तासगावकडचे द्राक्षवाले, आमचा माल कंटेनरमधी पण श्वास घेतोय.

२०२४ चा सीझन आठवला तरी अंगावर काटा येतो. आमची युरोपची गाडी भरायची ती जानेवारी ते एप्रिल, आणि तांबड्या समुद्राचं लचांड सुरू झालं नेमकं त्याच तोंडावर. थॉमसन द्राक्ष तोडायचं, पॅकहाऊसला प्रीकूलिंग करायचं, पेटीत सल्फर डायऑक्साईडचं पॅड टाकायचं, रीफर म्हंजी थंड कंटेनर शून्याच्या आसपास लावायचा, हे सगळं आमी करतोच, पण हे सगळं ठरलेल्या दिवसांसाठी असतंय. वर पंधरवडा वाढला की मणी टिकतो पण देठ तपकिरी पडतो, आणि तिकडचा गिऱ्हाईक आधी देठच बघतो. हिरवा देठ म्हणजे ताजा माल. देठ वाळला की फोटो येतो, फोटोच्या मागनं क्वालिटी क्लेम येतो, आणि ज्या एक्स्पोर्टरला आमी माल दिलेला त्यानं तो क्लेम जसाच्या तसा आमच्या बिलातनं कापला. जहाज त्यानं ठरवलेलं, लाईन त्यानं ठरवलेली, उशीर हुथींनी केला, आन पैसे गेले बागायतदाराचे. कागदावर काय लिहिलंवतं ते सही करताना कुणी वाचलं हुतं! गावात निम्म्या जणांचं हेच.

विमानाचं म्हणाल तर द्राक्ष विमानानं पाठवायचं म्हंजी पेटीपेक्षा तिकीट महाग.

तवा माझं एकच सांगणं, जहाज का विमान हे नंतर बघा, आधी ते डीएपी का काय ते नीट बघा. मला त्यातलं इंग्रजी कळत नाही पण वास येतोय.

मिरज_विमा

माणिकचमन यांना बरोबर वास आलाय. मी मरीन इन्शुरन्सचं काम करते म्हणून थोडं लांबलचक लिहिते, वैतागू नका.

डीएपी म्हणजे माल जर्मनीत त्यांच्या दारात पोचेपर्यंत सगळी जोखीम तुमची. फक्त तिकडची कस्टम ड्युटी आणि गाडीतून उतरवणं त्यांचं. म्हणजे मधल्या मधे भाडं वाढलं तर तुमचं, जहाज वळलं तर तुमचं, भलत्याच बंदरावर माल उतरवून ठेवला तर तिथून पुढं न्यायचा खर्चही तुमचाच (आणि बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीच्या माल घेतल्याच्या पावतीच्या मागच्या बारीक अक्षरात लाईनला तशी मोकळीक दिलेली असते, वाचून बघा). त्यावर लाईन थांबल्याचा दंड. तीन टन कास्टिंगच्या ऑर्डरसाठी हे फार झालं हो.

सीआयएफ असेल तर भाडं आणि विमा तुम्ही भरता पण माल इथं जहाजावर चढला की जोखीम त्यांची. एफओबीत भाडंही त्यांचं. खरं म्हणजे कंटेनरच्या मालाला एफओबीऐवजी एफसीए (ठरल्या जागी त्यांच्या वाहतूकदाराच्या ताब्यात माल दिला की जोखीम त्यांची) लावा असं इनकोटर्म्सवालेच, म्हणजे या सगळ्या अटींचे नियम करणारेच सांगतात, कारण तुमचा माल तुम्ही सीएफएसच्या दारात सोडता, जहाजावर कधी चढतो ते तुमच्या हातात नसतं. आपल्याकडं सगळे सवयीनं एफओबी लिहितात.

आता विमा. सगळ्यांना वाटतं ऑल रिस्क पॉलिसी घेतली की झोपा निवांत. इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज ए ही सगळ्यात मोठी पॉलिसी, त्यात कलम ४.५ मध्ये स्वच्छ लिहिलंय की उशिरामुळं झालेलं नुकसान मिळणार नाही, तो उशीर विमा असलेल्या कारणामुळं झाला असला तरीसुद्धा. म्हणजे माल बुडाला तर पैसे, माल महिन्याभरानं सुखरूप पोचला आणि तोवर गिऱ्हाईकानं दुसरीकडनं घेतला तर शून्य. युद्धाचं नुकसान पण त्यात नाही, ते वेगळं घ्यावं लागतं, आणि वॉर कव्हर सात दिवसांच्या नोटिशीवर बंद करायचा हक्क कंपनीला असतो.

मग विमा घ्यायचाच कशाला? जनरल ॲव्हरेजसाठी तरी घ्या. मार्च २०२१ ला एव्हर गिव्हन हे कंटेनर जहाज सुएझमध्ये अडकलं, पेपरात सहा दिवस गाजलं आणि लोक विसरले. पण ते जहाज नुकसानभरपाईच्या वादात इजिप्तनं जुलैपर्यंत सोडलंच नाही, आणि मालकानं जनरल ॲव्हरेज जाहीर केलं, म्हणजे जहाज वाचवायचा खर्च वरच्या सगळ्या माल मालकांनी वाटून घ्यायचा. हमी दिल्याशिवाय तुमचा डबा सुटत नाही. विमा असेल तर ती हमी कंपनी देते. नसेल तर तुम्ही रोख डिपॉझिट भरत बसा, तुमच्या मालाला ओरखडाही नसला तरी.

खंबाटकी_जाम

सगळे समुद्राचं बोलताय, कुपवाड ते न्हावा शेवा कोण बघणार 😀 साताऱ्याचा ट्रान्सपोर्टवाला आहे, गाड्या याच रोडला. हुथी राहिले बाजूला, खंबाटकी घाटात एक कंटेनर आडवा झाला की तुमची गेट कटऑफ (बंदरात माल आत घ्यायची शेवटची वेळ) गेली. आणि हल्ली जहाजाची तारीखच तीनदा बदलते, आज गाडी लावा म्हणतात, संध्याकाळी म्हणतात गेट ओपन नाही, मग गाडी उभी, हॉल्टिंग चार्ज सुरू, त्यावरून आमच्याशी भांडण. पार्टीला आमचं एकच म्हणणं असतं की फॉरवर्डरकडनं गेट ओपन झाल्याचा मेसेज आल्याशिवाय गाडी भरू नका. ऐकत कोण नाही.

कुपवाड_लेथ

अरे बापरे, एवढं सगळं. ताई तुमचे खूप आभार, ते ४.५ आमच्या एजंटनं कधी सांगितलंच नाही. मी आज गिऱ्हाईकाला एफसीएबद्दल मेल टाकतो. पण ते नाही म्हणाले तर? नवीन गिऱ्हाईक आहे, ताणायला भीती वाटते. आणि विमानाचं कुणी नीट सांगितलं नाही अजून. एक मित्र म्हणतो पहिले दोन महिने नुकसान सोसून सगळं विमानानंच पाठव, इम्प्रेशन पडतं.

न्हावाशेवा_नाईटशिफ्ट

मित्राला सांगा इम्प्रेशनचं बिल त्यानं भरावं.

विमानात वजन आणि आकारमान यातलं जे जास्त त्याचे पैसे, एक घनमीटरला १६७ किलो धरतात. कापड, फोमवाल्यांना आकारमान मारतं, तुमच्या कास्टिंगला तो प्रश्नच नाही, तुम्ही किलोवर मरणार. आणि विमान म्हणजे बिनधोक असंही नाही. जगातला जवळपास निम्मा एअर कार्गो प्रवासी विमानांच्या पोटातून जातो. मार्च २०२० मध्ये प्रवासी विमानं बंद झाली तशी ती जागा एका रात्रीत गेली, औषधवाले सुद्धा जागेसाठी रांगेत. मुंबईहून युरोपला जाणारा बराच माल दुबई, दोहा असा आखातातून जातो, जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल भडकलं तेव्हा कतारनं आकाशच काही तास बंद केलं, त्याचा गुंता निस्तरायला नंतर कितीतरी वेळ गेला. आणि समुद्र अडला की सगळे विमानाकडं पळतात, म्हणजे तुम्हाला गरज पडेल त्याच आठवड्यात रेट वर असणार. मधला मार्ग सी-एअर, दुबईपर्यंत जहाज, पुढं विमान. २०२४ च्या सुरुवातीला तो पर्याय जोरात चालला, पण तुमच्या तीन टनाला मी सुचवणार नाही.

तुमच्या जागी मी असतो तर असं केलं असतं. पहिली खेप जहाजानं, पण दुप्पट. महिन्याच्या चारऐवजी आठ पॅलेट, त्यातली चार त्यांच्या वेअरहाऊसला राखीव म्हणून पडून राहतील. मग जहाज पंधरा दिवस उशिरा आलं तरी लाईन थांबत नाही. त्यांना सांगा राखीव मालाचं पेमेंट उचलल्यावर करा, जर्मन लोकांना हे चालतं, फक्त तुमचं भांडवल तिकडं अडकणार ते बँकेशी आधी बोलून ठेवा. विमान ठेवायचं फक्त अडीनडीला, एखादं पॅलेट, आणि तेव्हा भाडं कोण देणार हे आत्ताच लिहून घ्या. उशीर तुमच्या मशीनवर झाला तर तुम्ही, रस्त्यात झाला तर ते.

एफसीए नाही म्हणाले तर डीएपी द्या, पण भाडं किमतीत मिसळू नका. मालाची किंमत वेगळी, भाडं वेगळ्या ओळीत, आणि त्यापुढं लिहा की जहाज सुटायच्या दिवशीचा रेट आणि सरचार्ज प्रत्यक्ष बिलाप्रमाणे. दंडाच्या कलमात युद्ध, मार्ग बदल, बंदर तुंबणं वगळून घ्या. तीन-चार ओळींचं काम आहे, बहुतेक मोठ्या कंपन्यांचे खरेदीवाले २०२४ पासून हे ऐकून सरावलेत.

आणि एक, हे कुणी बोललं नाही. केपवरून जायचं म्हणजे माल दोनदा विषुववृत्त ओलांडतो, गरम दमट, मग गार, मग परत गरम. डब्याच्या छताला आतून पाणी धरतं आणि ठिबकतं. तुमचे मशीन केलेले फेस उघडे असतील तर तिकडं पोचेपर्यंत गंज धरलाच. पुण्याच्या पार्टीला देता तसं नुसतं तेल लावून गोणपाटात देऊ नका.

कुपवाड_लेथ

हे महत्त्वाचं सांगितलंत दादा, आम्ही नुसतं रस्ट प्रिव्हेंटिव्ह ऑईल मारून प्लॅस्टिकच्या पिशवीत देणार होतो. व्हीसीआय (गंज रोखणारी) पिशवी घेतली तर पुरेल का सिलिका जेल पण टाकू?

न्हावाशेवा_नाईटशिफ्ट

व्हीसीआय पिशवी, पण माल पूर्ण कोरडा आणि थंड झाल्यावर आत घाला, वॉशिंगनंतर गरम असतानाच पॅक केलं तर ओल आतच कोंडते. हाताळताना हातमोजे, घामाच्या बोटांचे ठसे गंजून उमटतात, मी बघितलंय. पिशवीत जेलच्या पुड्या टाका, आणि एलसीएल असल्यानं डब्यात शेजारी काय येईल सांगता येत नाही म्हणून बाहेरून श्रिंक रॅप. पॅलेट लाकडी असेल तर उष्णता प्रक्रिया केलेली आणि आयएसपीएम १५ (लाकडातल्या किडीबद्दलचा आंतरराष्ट्रीय नियम) चा शिक्का असलेलीच, नायतर जर्मनीत अडवतील. मिरजेत पॅलेटवाले आहेत पण शिक्का स्वतःच्या डोळ्यानं बघून घ्या.

मिरज_विमा

आणि पॅकिंगचे फोटो काढून ठेवा, बंद करायच्या आधीचे आणि नंतरचे, तारखेसकट. पॅकिंग अपुरं होतं म्हणून क्लेम नाकारतात तेव्हा तेच उपयोगी पडतात. पेमेंट एलसीवर (बँकेच्या हमीवर) आहे का उधारीवर? एलसी असेल तर त्यातली शिपमेंटची शेवटची तारीख बघा, जहाज पुढं ढकललं गेलं तर ती उलटते आणि बँक कागद परत करते. तारीख वाढवून घेणं माल सुटायच्या आधी सोपं असतं.

कुपवाड_लेथ

उधारी, ६० दिवस. पण बिलाच्या तारखेपासून का माल पोचल्यापासून ते लिहिलेलंच नाहीये 🤦 उद्याच्या मेलमध्ये हे पण टाकतो.